गोळ्या घेतो म्हणतो, पण खरंच घेतो का? एचआयव्हीची औषधं आणि उपचार करणाऱ्यांचे अंदाज

अर्धविराम
नमस्कार मंडळी. मी एचआयव्ही उपचार केंद्रात समुपदेशक आहे. बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते इथे मांडते, कारण इथे डॉक्टर, नर्स, फार्मसीवाले आहेत आणि स्वतः ही औषधं घेणारेही आहेत हे जुन्या धाग्यांवरून माहीत आहे.

एकाच रुग्णाबद्दल आमच्या टीममध्ये चार मतं असतात. डॉक्टर म्हणतात अनियमित. सिस्टर म्हणतात, अहो वेळेवर येतो की बिचारा. फार्मसीत गोळ्यांचा हिशोब चोख जुळलेला. आणि माझ्याकडे तो घरच्या कटकटी सांगून गेलेला असतो, त्यात गोळ्यांचा विषय जेमतेम दोन वाक्यांचा. फाईलवर मात्र एकच शब्द चढतो, आणि एकदा चढला की उतरत नाही. 'अनियमित' लिहिलेला माणूस साधा ताप घेऊन आला तरी पहिला प्रश्न ठरलेला: "गोळ्या सोडल्या का?"

तर उपचार करणाऱ्यांनो, रुग्ण गोळ्या घेतो की नाही हे तुम्ही प्रत्यक्षात कशावरून ठरवता? पुस्तकातलं नको, खरं काय करता ते सांगा. आणि गोळ्या घेणाऱ्यांनो, समोरच्याच्या या ठरवण्याबद्दल तुमचं काय म्हणणं आहे? नाव-गाव कुणीही सांगू नका.

मीठमिरची
पहिला! पाच दिवसांचा अँटिबायोटिकचा कोर्स बरं वाटलं म्हणून तिसऱ्या दिवशी सोडणारा माणूस मी. या धाग्यावर तोंड उघडण्याचा नैतिक अधिकार नाही. रुमाल टाकून बसतो.

डॉ_तिरकस
खरं सांगा म्हणालात म्हणून सांगतो. चेहऱ्यावरून.

ओपीडीत एका माणसाच्या वाट्याला काही मिनिटं येतात. तारखेला आला का, नजर चुकवतोय का, दारूचा वास येतोय का, मागच्या पानावर काय लिहिलंय. एवढ्यावर मत बनतं आणि पुढचा नंबर पुकारला जातो. याला कुणी 'क्लिनिकल जजमेंट' म्हणतं, म्हणोत बापडे.

पण आम्ही कडक का झालो तेही ऐकून घ्या. १९८७ साली झिडोव्हुडिन आलं तेव्हा ते दर चार तासांनी घ्यायचं होतं, रात्री गजर लावून उठायचं. १९९६ पासून तीन औषधं एकत्र द्यायला लागले आणि मरणाला टेकलेली माणसं उठून चालायला लागली. पण ती औषधं काय होती? इंडिनाव्हिर दर आठ तासांनी, रिकाम्या पोटी, वर भरपूर पाणी, नाहीतर मूतखडा. दिवसाला मूठभर गोळ्या. आणि गोळ्या अधूनमधून चुकवणं म्हणजे विषाणूला खासगी शिकवणी लावून देणं. औषध अर्धवट असलं की तो त्यातच वाढायला शिकतो, आणि एकदा शिकलेला रेझिस्टन्स, म्हणजे औषधाला दाद न देण्याची ताकद, शरीरातल्या पेशींत कायमचा जपून ठेवतो.

म्हणून ९५ टक्क्यांचा आकडा आमच्या डोक्यात कोरला गेला. २००० साली 'अ‍ॅनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन'मध्ये आलेला अभ्यास. ९५ टक्के किंवा जास्त डोस घेणाऱ्यांत २२ टक्के लोकांचा उपचार फसला, ८० ते ९५च्या मधल्यांत ६१ टक्के, आणि ८०च्या खाली तर ८० टक्के. हे आकडे डोळ्यांसमोर असताना "जाऊ द्या हो, दोन-चार चुकल्या तर काय" असं कसं म्हणायचं?

लॅबवाली
डॉक्टर, अभ्यास बरोबर सांगितलात. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा मात्र आख्ख्या जगाने सोडून दिला, तो मी सांगते.

त्यात बाटलीच्या झाकणात इलेक्ट्रॉनिक नोंद होती, झाकण कधी उघडलं ते कळायचं. आणि शिवाय डॉक्टर-नर्सना विचारलं होतं की तुमच्या मते हा रुग्ण किती नियमित आहे. डॉक्टरांचा अंदाज ४१ टक्के रुग्णांबाबतीत चुकला. नर्सेसचा ३० टक्के. ९५चा आकडा प्रत्येक ट्रेनिंगच्या स्लाइडवर असतो. ४१चा मी तरी कुठल्या स्लाइडवर पाहिला नाही.

दुसरं, अभ्यास जेमतेम ८१ जणांचा आणि जुन्या प्रोटीएज इन्हिबिटर औषधांच्या (इंडिनाव्हिर त्यातलंच) काळातला. आजच्या डोल्युटेग्राविर या औषधावर विषाणूला रेझिस्टन्स मिळवणं बरंच अवघड जातं. थोडी चूक पोटात घालणारं औषध आहे ते. चुकवायची मुभा आहे असं म्हणत नाहीये, पण २५ वर्षांपूर्वीची फूटपट्टी आजच्या माणसाला लावू नये.

अर्धविराम
४१ टक्के! हे मला माहीत नव्हतं. उद्या भिंतीवर चिकटवते.

डॉ_तिरकस
चिकटवा. खाली 'नर्सेसचा ३०' ठळक अक्षरात लिहा म्हणजे सिस्टर मंडळी खूश.

रात्रपाळी
सिस्टर मंडळी ऑलरेडी खूश आहेत डॉक्टर. आमच्यासमोर बाकावर बसून लोक बोलतात, तुमच्यासमोर फक्त मान हलवतात.

गोळीबार
(आयडी फार्मसीवरून आहे, गैरसमज नसावा.)

हिशोब जुळण्याबद्दल: ज्यांचा हिशोब तंतोतंत जुळतो त्यांच्याबद्दलच मला जास्त शंका येते. महिन्याला ३० गोळ्यांची बाटली असते. तारखेच्या दोन दिवस आधी आलेल्याकडे दोन उरलेल्या असायला हव्यात. बाटली लख्ख रिकामी असेल तर एकतर एखाद्या दिवशी दोन घेतल्या, नाहीतर येताना कुठेतरी टाकल्या. उरलेल्या गोळ्या मोजतात आणि ओरडतात हे एकदा कळलं की उरलेल्या गोळ्या केंद्रापर्यंत पोचतच नाहीत. मोजणी आपण ज्यासाठी सुरू केली तेच तिने संपवलं.

दुसरी गंमत म्हणजे बाटलीचा आवाज. प्लास्टिकची बाटली, आत गोळ्या, पिशवीत खुळखुळ वाजते. चारचौघांत वाजू नये म्हणून लोक आत कापूस कोंबतात, नाहीतर गोळ्या कागदात बांधून नेतात. गोळीतल्या टेनोफोव्हिर या औषधाला दमट हवा सोसत नाही, म्हणून मूळ बाटलीत ती ओलावा शोषणारी पुडी असते. कागदात बांधलेल्या गोळ्या दमट होतात, रंग उतरतो, चिकटतात, आणि घेणारा म्हणतो की गोळी खराब आली. मग आम्ही लिहितो, 'रुग्ण औषध नीट सांभाळत नाही'. तो गोळी सांभाळत नव्हता, स्वतःचं गुपित सांभाळत होता.

मीठमिरची
गोळीबार, शेवटच्या परिच्छेदाला दंडवत. रुमाल उचलून नीट बसलो आता.

शून्यशंका
सगळं ठीक आहे, पण जरा जास्तच सहानुभूती चाललीय असं वाटतंय. औषध मिळतंय, दिवसाला एक गोळी आहे, जीव स्वतःचा आहे. एवढं करूनही कुणी घेत नसेल तर ती त्याची जबाबदारी. डॉक्टर काय घरी येऊन भरवणार का? सगळा दोष उपचार करणाऱ्यांवर ढकलायची फॅशन झालीय.

एकगोळी
शून्यशंका, मी ही औषधं बरीच वर्षं घेतोय. एफाव्हिरेन्झ ही जुनी गोळी होती तेव्हापासून. त्यामुळे फॅशनबद्दल नाही पण गोळीबद्दल बोलू शकतो.

एक गोळी गिळायला एक सेकंद लागतो हे खरं. पण ती रोज काढताना रोज आठवतं की आपल्याला काय आहे. काही दिवस माणसाला ते आठवायचं नसतं. घरात पाहुणे आहेत, कामाच्या जागी शिफ्ट बदललीय, प्रवासात सामान दुसऱ्यासमोर उघडावं लागतंय, कुणाशी भांडण झालंय आणि वाटतंय मरू दे. माझी चुकलेली एकही गोळी 'विसरलो' म्हणून चुकलेली नाही. पण केंद्रात चौकट असते ना, चुकण्याचं कारण? मी प्रत्येक वेळी 'विसरलो' हेच सांगितलं, कारण त्यावर पुढचा प्रश्न येत नाही. मोबाइलवर गजर लावायचा सल्ला मिळतो आणि सुटका होते.

आता डॉक्टरांच्या प्रश्नाबद्दल. "गोळ्या चुकवत नाही ना?" हा प्रश्नच नाही हो. त्यातलं 'ना' उत्तर घेऊन आलेलं असतं. समोर रांग उभी असताना त्यावर 'चुकवतो' म्हणणारा माणूस शूर म्हणायचा. एका केंद्रातल्या सिस्टर वेगळं विचारायच्या: "बहुतेकांच्या महिन्यातून एक-दोन राहतातच. तुमच्या किती राहिल्या?" मान खाली न घालता पहिल्यांदा खरा आकडा सांगितला तो तिथे.

शून्यशंका
@एकगोळी, तुमच्याबद्दल आदर आहे, तुम्हाला उद्देशून नव्हतं ते. पण मधुमेहवालाही रोज गोळी घेतोच की. त्याला कुणी इतकं समजून घेत नाही.

लॅबवाली
मधुमेहवाल्याला बाटलीत कापूस कोंबावा लागत नाही.

शिवाय मधुमेह-रक्तदाबाच्या गोळ्याही भरपूर लोक अर्धवटच घेतात. दीर्घ आजारांत सांगितल्याप्रमाणे औषध घेणाऱ्यांचं प्रमाण श्रीमंत देशांतसुद्धा सरासरी निम्म्याच्या आसपास असतं, हे जागतिक आरोग्य संघटनेने २००३ साली अहवालात लिहिलंय. एचआयव्हीच्या रुग्णांकडून आपण त्याहून कितीतरी जास्त मागतो आणि त्यांच्यातले बरेच जण ते देतातही.

वाटसरू_जुना
अंदाज फक्त ओपीडीत चुकतात असं नाही, धोरण ठरवणाऱ्यांचेही चुकतात. २००१ साली अमेरिकेच्या यूएसएड या मदत संस्थेचे प्रमुख अँड्र्यू नॅट्सिओस जाहीरपणे म्हणाले होते की आफ्रिकेत बऱ्याच लोकांना घड्याळ वापरायची सवय नाही, ठरावीक तासांनी गोळ्या घ्या म्हटलं तर त्यांना कळणार नाही. म्हणजे तिथे ही औषधं पाठवण्यात अर्थ नाही. तेव्हा असं मानणारे ते एकटे नव्हते.

पुढे २००६ साली 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात दोन्ही खंडांतले अभ्यास एकत्र करून तुलना झाली. नीट औषध घेणाऱ्यांचं प्रमाण उत्तर अमेरिकेत ५५ टक्के, सहाराच्या दक्षिणेकडच्या आफ्रिकेत ७७ टक्के. ज्यांना घड्याळ कळत नाही म्हणत होते ते घड्याळवाल्यांच्या पुढे. मधल्या वर्षांत औषधावाचून किती माणसं गेली याचा हिशोब कुणी मागितला नाही.

मीठमिरची
घड्याळ असूनही माझी तिसऱ्या दिवसापलीकडे मजल जात नाही, हे शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध झालं तर.

डॉ_तिरकस
वाटसरू, मुद्दा मान्य, पण एक सांगू? त्या ७७ मागे नुसती रुग्णांची जिद्द नव्हती. सुरुवातीच्या त्या कार्यक्रमांत सोबतीला कुणीतरी असायचं, घरातला किंवा गावातला एक माणूस ठरवून दिलेला, औषध सुरू करण्याआधी समुपदेशनाच्या बैठका. कार्यक्रम मोठे झाले, रांगा वाढल्या, तशी ती सोबत पातळ होत गेली. रुग्ण तोच, आधार कमी, आणि आम्ही म्हणतो हल्ली लोक बेफिकीर झाले.

आणि आमच्याकडूनही बघा जरा. आधी उपचारांना साथ दिलेला, बरा झालेला तरुण पोरगा दोन वर्षांनी टीबी मेंदूत गेलेल्या अवस्थेत परत येतो तेव्हा जो राग येतो तो त्याच्यावर नसतो. पण निघतो मात्र त्याच्यावरच.

रात्रपाळी
डॉक्टर असं लिहितात आणि मग ओपीडीत खेकसतात. (प्रेमाने म्हणतेय.)

मला लहान मुलांबद्दल लिहायचं होतं. जन्मतः संसर्ग झालेली मुलं. आईवडील किंवा आजी त्यांना सांगतात, शक्तीच्या गोळ्या आहेत. आठ-नऊ वर्षांपर्यंत मूल निमूट घेतं. मग विचारायला लागतं की भावाला का नाही शक्तीच्या गोळ्या? बारा-तेराव्या वर्षी त्याला कुठूनतरी कळतं, बहुतेक वेळा बाटलीवरचं नाव फोनवर शोधून. आणि त्या दिवसापासून गोळ्या गादीखाली जातात. आपण लिहितो 'किशोरवयीन, असहकार'. अहो, त्याच्याशी घरातले आणि आपण मिळून इतकी वर्षं खोटं बोललो, त्याला काय म्हणायचं? शाळकरी वयातच, साधारण सहा ते बारा वर्षांच्या दरम्यान, मुलाला झेपेल तसं हळूहळू सांगावं असं जागतिक आरोग्य संघटनेने २०११ पासून म्हटलंय. करायचं कुणी? पालक म्हणतात तुम्ही सांगा, आम्ही म्हणतो पालकांनी सांगावं.

अर्धविराम
रात्रपाळीताई, हे अगदी रोजचं आहे. यावर वेगळा धागा काढा, मी येते.

चकवा
अवांतर: एफाव्हिरेन्झचा उल्लेख आला म्हणून. त्या गोळीने भयानक स्वप्नं पडतात हे खरं का?

एकगोळी
खरं. रंगीत, सविस्तर आणि मध्यंतराशिवाय. सुरुवातीचे आठवडे सकाळी उठल्यावर खोली फिरायची. रात्री झोपताना घ्यायला सांगतात ते त्यासाठीच. पण ज्यांची रात्रीची ड्यूटी असते त्यांनी काय करायचं हे कुणी विचारलं नाही. माझ्यासोबतचा एक जण ड्यूटीच्या दिवशी गोळी घ्यायचाच नाही, यंत्रावर काम होतं त्याचं. तोही 'अनियमित'.

गोळीबार
आणि त्यात धोका असा की एफाव्हिरेन्झ रक्तात बराच काळ रेंगाळतं, सोबतची औषधं लवकर उतरतात. एकदम सगळं बंद केलं की काही दिवस विषाणूसमोर एकटं एफाव्हिरेन्झ उरतं. रेझिस्टन्सला याहून सोयीची परिस्थिती नाही. डोल्युटेग्राविर आल्यावर आम्ही सुटकेचा निःश्वास टाकला तो यासाठी.

पण त्याचीही एक खोड आहे. कॅल्शियम, लोह, अँटासिड यांच्यासोबत ते नीट शोषलं जात नाही. एका बाईंचा व्हायरल लोड, म्हणजे रक्तातलं विषाणूचं प्रमाण, वाढला होता, सगळ्यांनी त्यांना गोळ्या घ्या म्हणून समजावून झालं होतं. त्या शपथेवर सांगत होत्या एकही चुकवली नाही. दुसऱ्या विभागातून लोहाच्या गोळ्या सुरू होत्या, आणि दोन्ही गोळ्या त्या पहाटे उठल्याबरोबर रिकाम्या पोटी एकत्र घेत होत्या. पोटभर खाऊन दोन्ही सोबत घेतलं तर चालतं, नाहीतर डोल्युटेग्राविर लोहाच्या दोन तास आधी किंवा सहा तास नंतर. वेळ बदलली, पुढच्या तपासणीत लोड खाली. बाई खरं बोलत होत्या.

डॉ_तिरकस
ही केस प्रत्येक ज्युनिअरला वाचायला द्या.

शून्यशंका
बरं, मग इंजेक्शन द्या ना. महिन्या-दोन महिन्यांनी टोचा, रोजच्या गोळीची भानगडच नको. असं काहीतरी आलंय ना?

लॅबवाली
आलंय. कॅबोटेग्राविर आणि रिल्पिव्हिरिन, अमेरिकेत जानेवारी २०२१ला मंजुरी. सगळीकडे अजून पोचलेलं नाही. आणि गंमत म्हणजे सुरुवातीला ते फक्त त्यांनाच, ज्यांचा व्हायरल लोड गोळ्यांनी आधीच आटोक्यात आहे. म्हणजे ज्यांना गोळ्या जमतात त्यांना गोळ्यांपासून सुट्टी. ज्यांना जमत नाहीत त्यांच्यासाठी इंजेक्शन किती उपयोगी हे तपासणारा 'लॅटिट्यूड' नावाचा अभ्यास झाला. त्यात इंजेक्शन रोजच्या गोळ्यांपेक्षा इतकं सरस दिसलं की २०२४च्या सुरुवातीला देखरेख समितीने काहींना इंजेक्शन, काहींना गोळ्या असे दोन गट पाडणं पुढे थांबवायला सांगितलं. 'हा गोळ्या घेत नाही, याला भारीतलं औषध कशाला' हा आपला अंदाज इथेही उलटाच निघाला.

अर्थात इंजेक्शनची तारीखही चुकू शकते, आणि औषध शरीरात महिनोन् महिने कमी प्रमाणात रेंगाळतं. त्यामुळे पुढचा धागा 'इंजेक्शनला येतो म्हणतो, पण खरंच येतो का?'

मीठमिरची
हहपुवा. लॅबवालीताई, आमच्या पोटावर पाय देऊ नका, विनोदाचं खातं माझं आहे.

चकवा
अजून एक शंका. व्हायरल लोड दिसेनासा झाला की संसर्ग दुसऱ्याला होत नाही म्हणतात. हे सगळ्या रुग्णांना सांगतात का? मला एका ओळखीच्याने सांगितलं की त्याला कुणी कधी सांगितलंच नाही.

रात्रपाळी
सगळे सांगत नाहीत. भीती अशी की लोक निर्धास्त होतील, गोळ्या आणि निरोध दोन्ही सोडतील.

वाटसरू_जुना
याचा पुरावा आता भक्कम आहे. २०१९चा पार्टनर-२ अभ्यास: ७८२ पुरुष जोडपी, एकाला संसर्ग आणि त्याचा लोड दबलेला, निरोधाशिवाय सुमारे ७६ हजार वेळा संबंध, जोडीदाराकडून लागण शून्य. स्त्री-पुरुष जोडप्यांबद्दलचे अभ्यास त्याआधीच आले होते.

एकगोळी
मला हे उशिरा कळलं, तेही केंद्रात नाही. आणि निर्धास्त वगैरे काही झालो नाही. उलट त्या दिवसापासून गोळी घेण्याला पहिल्यांदा माझं स्वतःचं कारण मिळालं. तोवर 'नाहीतर मराल' एवढंच कारण होतं. मरणाची भीती रोज ताजी राहत नाही हो, काही महिन्यांत विटते. ही माहिती 'चांगल्या' रुग्णाला बक्षीस म्हणून द्यायची गोष्ट नाही.

डॉ_तिरकस
मी सांगतो. पण लोड दबल्याचा रिपोर्ट हातात आल्यावर. आधी नाही. यावर मी ठाम आहे, हाणा.

एकगोळी
हाणत नाही. फक्त एवढंच, रिपोर्ट चांगला यावा म्हणून ते आधी कळायला हवं होतं.

अर्धविराम
चर्चा कुठून कुठे गेली, पण छान चाललीय. मूळ प्रश्नाकडे आणते. कुठलंच मोजमाप धड नाही असं दिसतंय. चेहरा फसवतो, मोजणी फसवते, माणूस घाबरून खोटं सांगतो. मग व्हायरल लोडवरच विसंबायचं का?

लॅबवाली
लोड हा सगळ्यात भरवशाचा, पण तो मागचं सांगतो. जास्त आला तर काहीतरी बिनसलंय एवढं कळतं. गोळ्या चुकल्या, शोषल्या गेल्या नाहीत की रेझिस्टन्स आहे, हे नाही कळत. १००० प्रतींच्या वर गेला तर समुपदेशन वाढवून तीन महिन्यांनी पुन्हा तपासतात ते त्यासाठीच. लघवीत टेनोफोव्हिर आहे का पाहणाऱ्या झटपट चाचण्याही निघाल्यात. पण त्या गेल्या काही दिवसांचंच सांगतात. तपासणीच्या आधी चार दिवस शहाण्यासारखं वागणारे कोण नसतात!

मीठमिरची
दाताच्या डॉक्टरकडे जायच्या आदल्या रात्री जोरजोरात ब्रश करणारे हात वर करा.

वाटसरू_जुना
वर.

गोळीबार
केनियात २०१० साली एक साधा प्रयोग झाला होता, 'लॅन्सेट'मध्ये आहे. आठवड्यातून एकदा रुग्णाला मोबाइलवर संदेश: "माम्बो?" म्हणजे कसं काय? गोळ्यांचा उल्लेखच नाही. ४८ तासांत 'ठीक' किंवा 'अडचण' कळवायचं. अडचण म्हटलं, किंवा उत्तरच आलं नाही, तर सिस्टर फोन करायच्या. संदेश मिळणाऱ्यांत नीट औषध घेणारे ६२ टक्के, न मिळणाऱ्यांत ५०. लोडही जास्त जणांचा दबला. फार मोठा फरक नाही, पण पोलिसगिरी न करता मिळालेला आहे.

अर्धविराम
हे आमच्याकडे करता येईल. निदान फाईलवर 'अनियमित'च्या जागी 'काय अडतंय' असा रकाना तरी मागते. डॉक्टर, तुमच्यासारख्यांना पटवायचं कसं?

डॉ_तिरकस
रकाना एका ओळीचा ठेवा. दोन ओळींचा केलात तर कुणी भरणार नाही, मीसुद्धा.

उंबरठा
नमस्कार. आजवर फक्त वाचत होतो, आयडी आजच काढला. मी दीड वर्षापासून औषध घेतोय. मागच्या महिन्यात सलग काही दिवस गोळ्या राहिल्या, कारण सांगत नाही. आता पुन्हा सुरू आहेत. पुढच्या आठवड्यात तारीख आहे. सांगितलं तर फाईलवर लिहितील आणि पुढे कायम तेच बघतील, अशी भीती वाटते. न सांगता लोड बरा आला तर?

गोळीबार
सुरू केल्यात हे उत्तम. राहिलेल्या गोळ्या भरून काढायला जास्तीच्या घेऊ नका, रोजची एक तेवढी चालू ठेवा. आणि सोबत दुसरी कुठली औषधं, लोह-कॅल्शियम, अँटासिड असतील तर नावं लिहून न्या.

एकगोळी
कारण सांगितलं नाहीत तरी चालेल. दिवस तेवढे खरे सांगा. डॉक्टरांशी जमत नसेल तर आधी सिस्टरशी किंवा समुपदेशकाशी बोला, ते आत निरोप देतात.

डॉ_तिरकस
आणि लिहिलं तर लिहू देत. लोड वर आला आणि खंड पडल्याचं आम्हाला माहीतच नसेल, तर औषध निकामी झालं समजून आम्ही चांगलं चाललेलं औषध बदलून बसू. खेकसला कुणी, तर ४१चा आकडा तोंडावर मारा.

उंबरठा
सिस्टरशी बोलतो आधी. आभार.

रात्रपाळी
सकाळी लवकर जा, गर्दी नसते तेव्हा.